बोर्डावर तपासलं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला वर्षानुवर्षांचा आहे, तरी पातेलं नाकाशी धरल्याशिवाय मी दूध तापायला ठेवत नाही. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर येते, आणि नवरा खाली गाडीवर बसून हॉर्न वाजवत राहतो. "तू पोलिसात जायला पाहिजे होतंस," असं त्याचं ठरलेलं वाक्य आहे. मी पोलिसात गेले नाही, सॉफ्टवेअरमध्ये गेले. आणि तिथं मला माझ्याहून संशयी कुणीतरी भेटलं.

औरंगपुऱ्यात गणवेशाच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. सहा टेबलं, एक खडखडणारा कूलर आणि जून महिन्यात खालून येणारा गिऱ्हाइकांचा गलका. आम्ही कारखान्यांतल्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहितो. प्रोग्रॅम एकच, पण तो तीन ठिकाणी चालला पाहिजे. मॅनेजरच्या विंडोजवर, नोंदी साठवणाऱ्या लिनक्सच्या सर्व्हरवर, आणि यंत्राशेजारी भिंतीवर लावलेल्या डब्यात. त्या डब्याच्या पोटात तळहाताएवढा एक बोर्ड असतो, तोच त्याचा कॉम्प्युटर. तिन्ही घरं वेगळी आणि घरातलं सामानही वेगळं. प्रत्येक यंत्रासोबत तयार कामांचा एक साठा येतो, त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. त्यात एखादं काम असतं, एखादं नसतं, आणि एखादं नुसतं नावाला असतं. हे शेवटचं सगळ्यात वाईट.

म्हणून प्रोग्रॅम बांधायच्या आधी एक स्क्रिप्ट चालवायची असते. ती त्या यंत्राला शेकडो प्रश्न विचारते. हे काम तुझ्याकडं आहे का? ते आहे का? यंत्र 'आहे' म्हणालं तरी ही बाई ऐकून घेत नाही. महत्त्वाचं काम असलं तर ती जागच्या जागी चार ओळींचा चिमुकला प्रोग्रॅम लिहिते, तो चालवून बघते आणि मगच पडद्यावर 'हो' छापते. 'नाही' आलं तरी काही अडत नाही, कारण त्या कामासाठी आमच्या हातचं लिहिलेलं तयार असतं, मग ते वापरलं जातं. पहिल्यांदा हे सगळं पडद्यावरून सरकताना बघितलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! अगं बाई, म्हटलं, ही तर माझी सख्खी बहीण.

फक्त एके ठिकाणी बहिणीचे हात बांधलेले असतात. डब्यातल्या बोर्डासाठीचा प्रोग्रॅम आम्ही आमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर बांधतो आणि मग बोर्डावर नेऊन टाकतो. बोर्डाचा प्रोग्रॅम टेबलावर बांधता येतो, पण टेबलावर चालत नाही. म्हणजे तो चिमुकला प्रोग्रॅम चालवून बघायची सोय नाही. मग स्क्रिप्टला एक फाईल द्यायची, तिच्यात उत्तरं आपणच लिहिलेली. अमुक काम: हो. तमुक काम: नाही. स्क्रिप्ट ती उत्तरं खरी मानून पुढं जाते. आमच्या ऑफिसात ती फाईल मी लिहिली होती, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी माझा शेरा होता: बोर्डावर तपासलं.

चितेगावला एका कारखान्यात आमचा डबा बसवला. तिथं लोखंडी ब्रॅकेटना रंगाची पावडर मारतात आणि भट्टीत पंचवीस मिनिटं भाजतात. आमच्या डब्यानं मिनिटं मोजायची, भोंगा वाजवायचा आणि नोंद ठेवायची. बसवायला मी स्वतः गेले होते. भट्टीवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर पन्नाशीच्या पुढचे होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते पैठणकडून रोज एसटीनं येत. घरचा धंदा मेंढरांचा, भाऊ अजून कळप घेऊन फिरतो, नोकरीत हे एकटेच. पंधरा वर्षं भट्टीवर काढलेली. त्यांनी मला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. हे बटण कशाचं, हा दिवा कामून लागतो, लाईट गेली तर काय. मी सगळं सांगितलं, वेळ दुरुस्त करायचा चार आकडी नंबरही दिला, आणि दर कारखान्यात देते तशा दोन-चार सूचना देऊन निघाले. सकाळी मला म्याडम म्हणणारे मामा संध्याकाळी ताई म्हणायला लागले होते. फाटकापर्यंत सोडायला आले.

चार महिन्यांनी तक्रार आली. काही ब्रॅकेटचा रंग नखानं खरवडला तरी निघतो म्हणे. माल परत आला होता. मॅनेजरनं फोनवर आमच्या सरांना बरंच सुनावलं, आणि सरांनी मला पाठवलं. मी गेले, नोंदी छापून घेतल्या, आणि टेबलावर पसरून बसले.

तासाभरात मला सापडलं. डब्याची वेळ मधेच पुढं उडी मारत होती. कधी चार मिनिटं, कधी बारा, एखाद्या दिवशी काहीच नाही. उडी पडली की मोजणी लवकर पुरी व्हायची, भोंगा लवकर वाजायचा आणि माल कच्चा बाहेर यायचा. उडी फक्त पाळीतल्या पहिल्या लॉटला, आणि फक्त मामांच्या पाळीत! पाळी सकाळची असो की दुपारची, आठवड्यानं पाळी बदलली की उडी त्यांच्यामागं. बाकी दोघांच्या पाळीत एकदाही नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली नाही, अख्खी भिंतभर पाली चुकचुकल्या. यंत्राची चूक असती तर ती सगळ्यांच्या पाळीत झाली असती. आणि रोज वेगळी मिनिटं? यंत्र असं करत नाही. असं माणूस करतो. नंबर त्यांना ठाऊक होताच, मीच दिलेला. वेळ पुढं सरकवायची, पहिला लॉट लवकर काढायचा आणि चहाला मोकळं व्हायचं. इतकं सोपं.

मॅनेजरनं मामांना केबिनमध्ये बोलावलं. ते दारातच उभे राहिले, टोपी हातात घेऊन. मॅनेजर वरच्या आवाजात विचारत होते आणि मामा माझ्याकडं बघत होते.

"ताई, मी टायमाला हात नाय लावला," ते म्हणाले. "बिलकूल नाय. आईशप्पथ."

मी कागदावरून मान वर केली नाही. सगळेच असं म्हणतात, असं मनात म्हटलं. तेव्हा मनातल्या मनात मी त्यांना मामा म्हणायचं सोडलं होतं, 'तो ऑपरेटर' म्हणायला लागले होते. प्रोग्रॅमची बाजू मी छाती ठोकून मांडली. इथं न थांबणारं घड्याळ वापरलंय, म्हटलं, ते वेळ बदलली तरी चुकत नाही. पण मग वेळ बदलल्यावर मोजणी चुकली कशी, हे मी स्वतःला विचारलंच नाही. आता आठवलं की लाज वाटते. समोर माणूस सापडला होता, मग घड्याळाला कोण विचारतंय?

ऑफिसात येऊन मी पत्र लिहिलं. 'प्रोग्रॅममध्ये दोष आढळला नाही. डब्याची वेळ हातानं बदलली गेल्याचं नोंदींवरून दिसतं.' नोंदीत वेळ बदलल्याचं होतं, कुणी बदलली ते नव्हतं. 'हातानं' हा शब्द माझा. सरांनी सही केली. आठवड्याच्या आत मामांना घरी बसवलं. पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर बेइमान म्हणून. हे मला मॅनेजरनंच फोनवर सांगितलं, वर आभारही मानले. मी त्या दिवशी घरी जाताना गुलमंडीवरून इमरती नेली. नवऱ्यानं विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, एक चोर पकडला.

पुढच्या दोन महिन्यांत तिथून तक्रार आली नाही. बघा, म्हटलं, माणूस गेला आणि रोग गेला.

मग दुसऱ्या एका कारखान्याचं काम आलं, नवा बोर्ड घेऊन. तोवर आम्ही एक सुधारणा केली होती. बोर्ड वायरीनं टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडायचा आणि स्क्रिप्टचे चिमुकले प्रोग्रॅम थेट त्याच्यावर पाठवून चालवायचे. उत्तरांच्या फाईलची गरजच नको. मी स्क्रिप्ट लावली आणि हातात चहाचा कप घेऊन बघत बसले. हो, हो, हो, नाही, हो. मग न थांबणाऱ्या घड्याळाची पाळी आली.

हे घड्याळ म्हणजे काय ते सांगते. भिंतीवरचं घड्याळ मागं-पुढं करता येतं. कुकरच्या शिट्ट्या मागं-पुढं होत नाहीत. भिंतीवर काहीही वाजले असोत, तीन शिट्ट्या झाल्या की भात झाला. यंत्रातही असं एक घड्याळ असतं, फक्त पुढं मोजत जाणारं, त्याला वेळेशी देणंघेणं नसतं. लायब्ररीत ते खरं आहे का हे बघायला आमची परीक्षा साधी होती. बोर्डाची वेळ मुद्दाम पुढं ढकलायची आणि मोजणी हलते का बघायचं. हलली तर ते घड्याळ सोंगाडं, भिंतीवरचंच, नुसतं नाव बदललेलं.

पडद्यावर आलं: नाही.

मला बोर्ड विकणाऱ्याचाच संशय आला. जुन्या बोर्डात आहे आणि नव्यात नाही? हलका माल गळ्यात मारतोय का हा? त्याला फोन करायच्या आधी पुरावा हातात असावा म्हणून मी कपाटातून चितेगावच्या डब्यात आहे त्याच जातीचा, नमुन्याचा जुना बोर्ड काढला, धूळ झटकली, जोडला आणि तीच परीक्षा लावली.

नाही.

पुन्हा लावली. वायर बदलून लावली. नाही. नाही.

मी जुनी उत्तरांची फाईल उघडली. अकरावी ओळ: न थांबणारं घड्याळ: हो. बोर्डावर तपासलं. माझ्याच हातचं. मी ते कधी तपासलं, ते आठवायला बसले. वरच्या दहा ओळी आठवल्या, अगदी बोर्ड किती गरम झाला होता तेही. अकरावी आठवेना. मग लख्ख आठवलं. त्या दिवशी नमुना जागेवर नव्हताच, सर तो पुण्याला कुणाला तरी दाखवायला घेऊन गेले होते. बोर्डासोबत आलेल्या यादीत त्या घड्याळाचं नाव होतं. इतकं तर असणारच, म्हटलं, आणि वरची ओळ उचलून खाली चिकटवली. कामाचं नाव बदललं, 'हो' लिहिलं. शेरा ओळीला चिकटून आला तो तसाच राहिला.

दूध हुंगून घेणारी मी!

सरांना सांगितलं. ते खुर्चीत मागं रेलले, मग म्हणाले, "मॅडम, तिथं 'नाही' करा, आपली मोजणी लावा आणि नवा प्रोग्रॅम पाठवून द्या. सुधारणा म्हणून. जुनं पत्र कशाला उकरून काढता?"

खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस मूग गिळून बसले. आणि त्याहून वाईट गोष्ट सांगते. मला अजून आशा होती की मामांनी काहीतरी केलेलंच असेल. घड्याळ सोंगाडं निघालं, कबूल. पण वेळ तर कुणीतरी हलवलीच ना? आणि त्यांच्याच पाळीत का? हे एक तेवढं निघालं की मी अर्धी तरी सुटले, असा माझा हिशोब. त्या हिशोबानंच मी तिसऱ्या दिवशी पैठणची एसटी धरली. चांगुलपणानं गेले असं कुणी समजू नये.

घर गावाच्या कडेला होतं, पुढं मेंढरांचा वाडा. मामा खाटेवर बसून दोरी वळत होते. मला बघून उठले, पण हसले नाहीत. मामींनी पाणी दिलं आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या, माझ्या तोंडाकडं बघत. त्या नजरेतलं मला सगळं कळलं. मी लोकांकडं तसंच बघते.

"मामा," मी म्हटलं, "पाळीवर आल्यावर तुम्ही पहिलं काय करायचा?"

"कामून?"

"सांगा तर."

"हात-पाय धुयाचो. डब्याला नमस्कार करायचो. मंग बटण बंद करायचं, ओल्या फडक्यानं डबा पुसायचा, बटण चालू करायचं. मंग पहिला लॉट आत."

"रोज?"

"रोज म्हंजे? पावडर उडती ना तिथं. लई थर बसतो."

"बाकीचे दोघं पुसायचे?"

"ते कशाला पुसतेत?"

मला कळून चुकलं. लाईट गेली तरी कारखान्याच्या इन्व्हर्टरवर डबा चालू राहतो, पण बटणानं बंद केला तर त्याच्या घड्याळाला बॅटरी नाही. तो दर पाव तासानं वेळ लिहून ठेवतो. बंद करून चालू केला की लिहून ठेवलेल्या वेळेत जागा होतो, म्हणजे चार-बारा मिनिटं मागं, आणि थोड्या वेळानं सर्व्हरला विचारून एकदम पुढं येतो. तीच उडी. तोवर पहिला लॉट आत गेलेला असायचा.

"पण मामा, पुसायला बटण कशाला बंद करायचं?"

ते हळू म्हणाले, "तुमीच सांगितलं व्हतं ना, म्याडम. चालू डब्याला ओला फडका लावू नका, आधी बंद करा. डबा बसवला त्या दिवशी."

सांगितलं होतं. दर कारखान्यात सांगते. ऐकणारे एवढे एकच निघाले.

"अहो, मग हे तेव्हा का नाही बोललात?" माझा आवाज चढला, आणि तो चढला म्हणून मलाच माझा राग आला. "केबिनमध्ये होतात ना तुम्ही!"

"इचारलं कुणी? तुमी कागद बगत व्हता." त्यांनी दोरीचा पीळ घट्ट केला. "भोंगा लवकर वाजतोय हे बी मी साह्यबाला म्हणलं व्हतं. ते म्हणले, मशीनपेक्षा तुला जास्त कळतं का."

मी त्यांची माफी मागितली. मामींच्या समोर, हात जोडून, रडत. मामा दोरी वळत राहिले. मामी चहा करायला आत गेल्या.

दुसरं पत्र मी चितेगावच्या मॅनेजरसमोर बसूनच लिहिलं. सरांनी सही केली नाही, माझी एकटीची आहे. 'दोष प्रोग्रॅममध्ये होता. न तपासता तपासलं असं मी लिहिलं होतं. वेळ कुणीही हातानं बदललेली नाही.' मॅनेजरनं ते दोनदा वाचलं. "आणि आधीचं पत्र?" म्हणाले. "ते खोटं," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आता मी लिहिलेलं काहीही ते पुन्हा खरं मानणार नाहीत. बरोबर आहे त्यांचं. मामांना परत घेतलं, पण त्याला आणखी एक महिना लागला. आमच्या सरांनी ते कारखान्याचं काम दुसऱ्याला दिलं. पण नवा प्रोग्रॅम टाकायला मीच जाणार, हे मी भांडून मिळवलं.

मामा कामावर परत आले त्याच दिवशी मी गेले. डब्यावर बोटभर पावडर बसली होती. तीन-चार महिन्यांत कुणी फडका लावला नव्हता. म्हणूनच तक्रार आली नव्हती, माझा 'रोग' म्हणूनच गेला होता. मी प्रोग्रॅम टाकला, बाजूला झाले आणि म्हटलं, "मामा, आता बिनधास्त पुसा. बंद करा, चालू करा, काही होत नाही."

मामा हलले नाहीत.

"लिहून द्या," ते म्हणाले.

मी लिहून दिलं. त्यांनी कागद एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. तरी फडक्याला हात लावला नाही.

"आता मपल्या म्होरं करून दावा."

मी बटण बंद केलं. मामांनी डबा पुसला, कोपऱ्या-कोपऱ्यातून, सावकाश. मी बटण चालू केलं, लॉट आत गेला. मामांनी मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर धरलं. आम्ही दोघं भट्टीसमोर उभे राहिलो, घामानं निथळत. अकराव्या मिनिटाला डब्यावरची वेळ नऊ मिनिटांनी पुढं उडाली.

"उडाला," मामा म्हणाले.

"उडू द्या. मोजणी बघा."

मोजणी बाराव्या मिनिटावर गेली. तेराव्या. मामांची नजर डब्यावरून तळहातावर आणि तळहातावरून डब्यावर. माझ्याकडं एकदाही नाही. पंचविसाव्या मिनिटाला भोंगा वाजला. त्यांनी घड्याळ बघितलं, कानाशी धरून चालू आहे ना ते ऐकलं, आणि मनगटावर परत बांधलं. एक ब्रॅकेट गार झाल्यावर नखानं जोर लावून खरवडलं. रंग निघाला नाही. मला वाटलं आता हसतील.

"उद्या बी या, म्याडम," मामा म्हणाले. "येका दिवसाचं काय खरं."

मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. मामा रोज घड्याळ काढून तळहातावर धरत होते.